काबरीखालची पिल्लं

सुनीलच्या थोरल्या मुलीचं, सेजलचं, लग्न ज्या वर्षी वैशाखात महाडच्या हॉलमध्ये झालं, त्याच वर्षाची ही गोष्ट. साल दोन हजार तेवीस. नातीच्या हळदीला रखमा नाचली. नाचता नाचता एकदा कमरेवर हात ठेवून थांबली, तेव्हा सगळे हसले, म्हणाले आजी दमली. आजी दमली नव्हती, पण ते कळायला भातं पोटरीला यावी लागली. तिला जेवण जाईना. पोट फुगल्यासारखं वाटायचं आणि हातातल्या बांगड्या मात्र कोपरापर्यंत सरकायच्या. पोलादपूरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. महाडच्या डॉक्टरनं सोनोग्राफी करायला लावली, आणि ती बघून तो रखमाशी काही न बोलता फोनवर सुनीलशी बोलला. सुनील रखमाचा एकुलता एक मुलगा, भांडुपला राहायचा. तो भाड्याची गाडी घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला घेऊन मुंबईला निघायचं ठरलं.

कातळवाडी पोलादपूरच्या वर डोंगरात आहे. रिक्षा येते, पण शेवटच्या चढाला माणसांना उतरून ढकलायला लागतं. रखमाचा नवरा सहदेव सगळा जन्म त्या चढावर वरखाली करत राहिला. नांगर, बैल, नाचणीचे वरकस उतार, गवताचे भारे हे त्याचं. घर, चूल आणि कोंबड्या हे रखमाचं. लग्न झाल्यापासून त्यानं खुराड्याचं दार एकदाही उघडलं नव्हतं. उघडायला लागेल असं त्याला कधी वाटलंही नव्हतं.

गाडीत बसायच्या आधी रखमा त्याला घेऊन पडवीत गेली. कोपऱ्यात कळकाच्या टोपलीत काबरी बसली होती. काबरी म्हणजे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची, रखमाची सगळ्यात जुनी कोंबडी. पितरांच्या पंधरवड्यात ती खुडूक झाली होती. अंडी द्यायची थांबली, पिसं फुलवून कोपरा धरून बसायची, कुणी जवळ गेलं तर गुरगुरायची. रखमानं घट बसायच्या दिवसापर्यंत तिला थोपवलं आणि त्या दिवशी पेंढ्यावर निवडक अंडी मांडून तिला वर बसवलं.

"हे बघा," रखमा म्हणाली, "सकाळी एकदा तिला उचलायची. दाणे खाईल, हगेल, धुळीत लोळेल, मंग आपल्या पायानं येऊन बसेल. अंडी गार होता कामा नये."

"होय."

"होय काय होय? उचलायची कशी?"

सहदेवनं काबरीच्या शेपटाकडं हात नेला.

"पंखाखालून दोनी हात घालून. शेपटाला धरून नाय. बैल नाय तो."

बाहेर सुनीलनं हॉर्न वाजवला. रखमानं पदर नीट केला. टोपलीशी वाकून काबरीला काहीतरी पुटपुटली. मग सहदेवकडे न बघताच म्हणाली, "पिल्लं निघाली की मी आलेच. तवर तिला उठू देऊ नका. नि तुमीपण घर सोडून कुठं जाऊ नका. माझी कोंबडी राखा, बस्स."

गाडी चढ उतरून गेली. सहदेव ओटीवर बसून राहिला. सुनीलनं डॉक्टरचं बोलणं त्याला बाजूला नेऊन सांगितलं होतं. पोटात गाठ आहे, मोठ्या हॉस्पिटलात दाखवायचं आहे, पुढचं पुढं. ते सगळं त्यानं ऐकलं होतं, पण त्यातलं काही आत गेलं नाही. आत गेलं ते एकच. पिल्लं निघाली की ती येणार.

कातळवाडीत घराघरात फोन आहेत, पण आवाज यायचा तो शाळेमागच्या कातळावर. रोज संध्याकाळी सहदेव आपला बटणांचा फोन घेऊन तिथं जाऊन बसायचा. रखमा तपासण्यांचं काही सांगायची नाही. रक्त काढलं एवढं सांगायची, आणि लिफ्टमध्ये पोटात कसं ढवळतं ते. मग कोंबडीवर यायची.

"उठली का आज?"

"उठली."

"हगली?"

"आता तेपण बघायचं?"

"बघायचं तर! बसलेली कोंबडी हगली नाय तर मरते. उद्या बघा नि सांगा."

दुसऱ्या दिवशी तो सांगायचा. शेजारच्या दगडावर बसून आपल्या साहेबाशी बोलणारी पोरं ते ऐकून हसायची. सहदेवला त्याचं काही वाटायचं नाही. त्या दिवसांत त्याला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. भात कापायला आलं होतं ते त्यानं माणसं लावून कापून घेतलं. चुलीवर भात रटरटला की तो उतरवायचा, आणि गिळायचं म्हणून गिळायचा. फक्त सकाळी काबरीला उचलताना हातांना तिच्या पोटाची ऊब लागायची, तेवढ्यापुरते हात जागे व्हायचे.

दसरा झाल्यावर आभाळ भरून आलं. दुपारी वाजायला लागलं, ते दिवे लागेपर्यंत डोंगरातून घुमत राहिलं. त्या दिवशी कातळावर जाणं धोक्याचंच होतं, तरी तो गेला. रखमानं फोन उचलताच विचारलं, "काय वाजतंय तिकडं?"

"आभाळ."

"अगो बाय! मंग टोपलीत लोखंड ठेवलंत का? गडगडाटानं अंडी नासतात. आधी जावा नि टोपलीत लोखंड ठेवा."

"किती?"

"किती काय? ठेवा म्हटलं ना लोखंड!" आणि आवाज तुटला.

आता बसवलेल्या अंड्यांत लोखंड ठेवायचं म्हणजे एक खिळा पेंढ्यात खुपसायचा, हे वाडीतल्या कुठल्याही पोरीला ठाऊक असतं. सहदेवला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं टोपलीत डोकावण्याची त्याच्यावर पाळीच आली नव्हती. घरी येईपर्यंत आभाळ अजून तीनचारदा फुटल्यासारखं वाजलं. त्यानं मनाशी हिशोब केला तो असा, की एवढ्या मोठ्या आवाजाला तेवढंच जड लोखंड पाहिजे. बैल विकून पावर टिलर भाड्यानं आणायला लागल्यापासून नांगर मोडीत गेला होता, पण त्याचा फाळ माळ्यावर होता. तो त्यानं काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि काबरी चोच मारत असताना तिच्या पोटाखाली अंड्यांच्या मधोमध नीट बसवला. त्या रात्री त्याला झोप लागली.

काबरीनं फाळ सोसला. आपल्या पोटाखाली काहीतरी थंड, टोकदार आलं आहे एवढं तिला कळलं असेल. पण ती खुडूक होती, आणि खुडूक कोंबडी निखाऱ्यावरूनही उठायची नाही. ती फक्त वळत राहिली. कोंबडी अंडी उलटीपालटी करते, चोचीनं आत ओढते, बाहेरची मध्ये घेते. प्रत्येक वेळी अंडं फाळावर आपटायचं. सहदेवला वास आला तोवर मुंग्यांची रांग भिंतीपर्यंत पोचली होती. त्यानं काबरीला उचललं, तर तिच्या पोटाची पिसं चिकट झालेली. खाली पिवळंलाल बरबट झालेलं आणि पेंढा भिजलेला. टोपलीच्या कडेला सरकलेलं एक अंडं तेवढं शाबूत राहिलं होतं.

त्यानं सगळं काढलं. फाळ धुतला आणि पुन्हा माळ्यावर ठेवला. नवा पेंढा घातला, त्यावर ते एक अंडं ठेवलं आणि काबरीला वर बसवलं. ती बसली. एका अंड्यावर ती तशीच पंख पसरून बसली, जशी आधी भरल्या टोपलीवर बसायची. सहदेव समोर उकिडवा बसून तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. रडू येईल असं त्याला वाटलं. आलं नाही.

संध्याकाळी कातळावर रखमा म्हणाली, "एक अंडं दाराच्या फटीच्या उन्हात धरून बघितलंत का? आत काळं दिसायला पायजे."

"दिसतंय."

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत."

"सगळ्यांत कसं? माझी एखाददोन तरी पोकळ जातातच."

"दोन पोकळ हायत," सहदेव म्हणाला.

"तेच म्हटलं," रखमा म्हणाली, आणि तिच्या आवाजात एवढं समाधान होतं, की खरं सांगायचं त्यानं ठेवून दिलं.

असेच दिवस गेले. पिल्लं निघायची वेळ जवळ आली. रखमा रोज विचारू लागली. अंड्याला कान लावा, आत टकटक येते का ऐका. आपल्या बोडक्या मानेच्या कोंबड्याचं एखादं निघेल बघा. सहदेव रोज कान लावायचा. त्या एका अंड्यातून काही आवाज यायचा नाही. ते हातात हलवलं तर आत पाणी डुचमळायचं. ते गेलेलं आहे हे आता त्यालासुद्धा कळत होतं.

सहदेवच्या घराला लागून त्याच्या थोरल्या भावाचं, नाथूचं, घर. नाथू वारला होता. त्याची बायको भागूबाई एकटी राहायची आणि कोंबड्या पाळायची. पण तिच्या कोंबड्या वेगळ्या. महाडकडून मोटरसायकलवर जाळीचे खोके बांधून पिल्लंवाला यायचा, त्याच्याकडून ती घ्यायची. त्या कोंबड्या अंडी भरपूर घालायच्या, पण खुडूक कधी बसायच्या नाहीत. रखमा त्यांना सरकारी कोंबड्या म्हणायची. "अंडं घालतात नि वळून बघत नाय," ती अंगणातून ऐकू जाईल असं बोलायची. त्यावर भागूबाई आतूनच ओरडायची, "त्या नोकरीवाल्या हायत गो! तुझ्यासारख्या चुलीशी नाय बसायच्या!" दोघी जावांचं आयुष्य असं कोंबड्यांवरून बोलण्यात गेलं. रखमाचा एक नियम होता. त्या सरकारी पिल्लांना तिच्या कोंबडीच्या पंखाखाली जागा नाही. भागूबाईनं दोनदा मागून बघितलं होतं.

त्या आठवड्यात भागूबाईनं नवी पिल्लं घेतली, आणि त्याच रात्री वाडीची लाईट गेली. पिल्लांच्या खोक्यावर ती दिवा लावून ठेवायची, तो विझला. डोंगरात थंडी पडायला लागली होती. सकाळी खोक्यात काही पिल्लं पाय ताठ करून पडलेली, उरलेली एकमेकांवर चढून चिवचिवत होती. भागूबाई खोका कडेवर घेऊन सहदेवच्या पडवीत आली.

"भावजी, तुमच्या चुलीपाशी ठेवते हो जरा. माझ्याकडं लाकडं ओली हायत." मग नाक वर करून म्हणाली, "ह्यो कसला वास?"

भागूबाईनं खोका ठेवला, काबरीपाशी गेली, सराईत हातानं तिला उचललं आणि खाली बघितलं.

"एकच? बाकीची कुठं गेली?"

"फुटली."

"अशी कशी फुटली?"

त्यानं सांगितलं. लोखंड, आभाळ, फाळ. भागूबाई ऐकत राहिली. तिच्या तोंडाचा पदर हलायला लागला. मग ती काबरीला तशीच काखेत धरून भिंतीला टेकली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"फाळ? अवो भावजी, नांगराचा फाळ? बरं झालं तिनं पहार नाय सांगितली!"

सहदेवही थोडा हसला असावा. तोंड तसं झालं एवढं त्याला जाणवलं.

"रखमीला सांगितलंत?"

"नाय."

भागूबाईनं पदरानं डोळे पुसले. ती पिल्लांकडे बघत होती. "भावजी, ही कोंबडी आता कशावर बसलेय? कुजक्या अंड्यावर. अजून दोन दिस बसेल, मंग उठून जाईल. नि माझी ही थंडीनं मरतील. घालूया खाली."

"रखमाला चालणार नाय."

"तिला सांगायचं कशाला? आल्यावर कळेल तिचं तिला. येऊ तर दे आधी."

ते तिच्या तोंडून निघून गेलं. खोक्यात पिल्लं चिवचिवत होती. काबरीनं त्या आवाजाला मान वाकडी केली.

"घाला," सहदेव म्हणाला.

"आता नाय. उजेडात घातली तर ठार मारील. तिनं अंड्यातून फोडून काढलेली नायत ती. दिवे लागल्यावर. नि राख लागेल, चुलीतली, कोमट."

दिवेलागणीला ती आली. परातीत राख घेतली, चाळून, हाताला सोसेल एवढी कोमट. आधी काबरीच्या पंखात, पोटाला, मानेला चोळली. मग एकेका पिल्लाला राखेत लोळवलं. पिवळी, तपकिरी, सगळी एकाच रंगाची झाली आणि एकाच वासाची. "आता हिचा वास नि त्यांचा वास एक," ती म्हणाली. "काळोखात कोंबडीला डोळे नसतात, भावजी. तिला पोटाला कळतं तेवढंच खरं." सहदेवला तिनं दिवा पाठमोरा धरायला लावला. एका हातानं मागून, शेपटीकडून, तिनं पिल्लू सरकवलं आणि दुसऱ्या हातानं कुजकं अंडं पुढून काढून घेतलं. मग आणखी एक पिल्लू, मग आणखी. काबरी गुरगुरली. एकदा जोरात टोच मारली, ती भागूबाईच्या मनगटाला लागली. "मार, मार, सवतीला मार," भागूबाई म्हणाली. टोपलीवर तिनं पोतं टाकलं.

पोत्याखाली बराच वेळ चिवचिव चालली. मग हळूहळू कमी झाली आणि थांबली.

"मेली?" सहदेवनं विचारलं.

"निजली. उद्या सकाळी तुमी जाग्यावरून हलायचं नाय. ज्याला ती डोक्यात टोचेल ते बाजूला काढायचं."

सकाळी त्यानं पोतं काढलं. काबरीच्या पंखांतून राखाडी डोकी बाहेर आली. काबरी त्यांच्याकडे बघत होती, एकदा एका डोळ्यानं, एकदा दुसऱ्या. मग तिनं एका पिल्लाला टोचलं, आणि पुन्हा टोचलं. सहदेवचा हात पोचेपर्यंत ते पालथं पडलं होतं. त्याला त्यानं उचलून बाहेर ठेवलं. दुपारपर्यंत ते गेलं. बाकीच्यांना तिनं काही केलं नाही. दुपारी ती टोपलीतून उतरली आणि जमिनीवर सांडलेल्या कणीपाशी जाऊन कुटकुट असा एक आवाज काढला, जो सहदेवनं आजवर अंगणात हजारदा ऐकला असेल आणि कधीच ऐकला नव्हता. सगळी पिल्लं धावत तिच्या चोचीपाशी गेली.

"निघाली," त्या संध्याकाळी त्यानं कातळावरून सांगितलं.

"निघाली?" रखमाचा आवाज बारीक झाला होता, जसा काही ती कुठून लांबून बोलत होती. "किती?"

"टोपलीभर हायत."

"बोडक्या मानेचं?"

"ते पण हाय," सहदेव म्हणाला. एकदा बोलायला लागल्यावर माणूस थांबत नाही. "एक हाय."

"मंग ते जपा. कोंबडा झाला तर घरालाच ठेवायचा."

मग ती रोज त्या बोडक्या मानेच्या पिल्लाची चौकशी करायची. सहदेव रोज सांगायचा. खातंय, पळतंय, सगळ्यांच्या पुढं असतं. नसलेलं पिल्लू रोज थोडं थोडं वाढत होतं. पिल्लं निघाली की मी आलेच, असं ती म्हणाली होती, ते तिच्या तोंडून पुन्हा निघेल म्हणून तो वाट बघायचा. पण दिवाळी आली, आणि सुनीलनं सांगितलं की ऑपरेशन करण्यात अर्थ नाही असं डॉक्टर म्हणतायत, आईला घरी आणलंय. घरी म्हणजे भांडुपला.

पाडव्याच्या दिवशी रखमा म्हणाली, मला पिल्लं बघायचीत. भागूबाईकडे तिच्या मुलानं, विनीतनं, दिलेला मोठा फोन होता. तिला अक्षर येत नव्हतं, फोटोंवर बोट ठेवून ती माणसं ओळखायची. पण घरात तो नुसती चकाकणारी काच. तेव्हा काबरी आणि पिल्लं टोपलीत घालून, वर फडकं बांधून, दोघं शाळेमागच्या कातळावर गेली. सहदेवच्या डोक्यावर टोपली होती आणि पुढं भागूबाई फोन वर धरून चालत होती, जशी काही देवाची पालखी निघाली होती. वाटेत कुणीतरी विचारलं, "कुठं चाललाव?" भागूबाई म्हणाली, "कोंबडीला मुंबई दाखवायला!"

फोनमध्ये रखमा दिसली. डोक्याला मफलर होता, गाल आत गेले होते, आणि नाकात नेहमीची चमकी नव्हती. क्षणभर सहदेवला वाटलं की फोन भलत्याच बाईला लागला.

"खाली कर गो," ती भागूबाईला म्हणाली, "तुझं थोबाड कशाला दाखवतेस? ते मी इतकी वर्षं बघतेय."

भागूबाईनं फोन खाली केला. काबरी कातळावर उतरली होती, पिल्लं भोवती पसरली होती. वारा आला तशी काबरीनं पंख सोडले आणि ती सगळी आत घुसली.

"बोडक्या मानेचं कुठं हाय?" फोनमधून आवाज आला.

"असेल तिकडं," सहदेव म्हणाला.

"कसलं बोडक्या मानेचं?" भागूबाई म्हणाली. "तसलं तो पिल्लंवाला आणतच ना..." आणि तिथंच थांबली.

कातळावर वारा वाहत होता. फोनमध्ये रखमा पुढं वाकली. ती जवळ येऊन बघत होती, तिचा एक डोळाच नुसता मोठा दिसत होता.

"बाय, ही तुझी सरकारी हायत."

"होय गो."

"नि माझी?"

भागूबाईनं सहदेवकडे बघितलं. तो पुढं झाला. "फाळावर फुटली."

"कुठल्या फाळावर?"

"नांगराच्या. तू म्हणालीस ना लोखंड ठेवा."

रखमाचं तोंड उघडलं. "अवो, खिळा!" ती म्हणाली. "खिळा ठेवायचा! खिळा!" आणि ती हसायला लागली. हसताना तिला कळ आली, तरी ती हसत होती. फोन हलला, सोनालीचा, सुनेचा, हात दिसला, मग छताचा पंखा. पंखा फिरत होता आणि हसणं ऐकू येत होतं. "आई, बस आता, बस," सोनाली म्हणत होती. मग काच काळी झाली.

"हसली," भागूबाई म्हणाली.

"होय," सहदेव म्हणाला. त्यानं टोपली सरळ केली आणि पिल्लं एकेक करून आत टाकायला लागला.

दुसऱ्या संध्याकाळी तिचाच फोन आला. रागावली नव्हती. "राख लावलीत ना?" एवढं विचारलं. मग म्हणाली, "तिनं घेतली म्हणजे आता तिचीच. अर्धी भागूबायला द्या. बाहेर सोडाल तवा घारीवर लक्ष ठेवा."

"कवा येतेस?"

"बघू." मग ती म्हणाली, "तुमी येताव का? चार दिस येऊन जावा."

हे तिनं आधी कधी म्हटलं नव्हतं. "नि कोंबडी?" त्यानं विचारलं.

"होय," रखमा म्हणाली. "ते पण हायच."

मग सुनीलचा फोन. बाबा, आई विचारते, तुम्ही या. मग पुन्हा सुनीलचा. भागूबाई रोज सकाळी अंगणातून ओरडायची, "जावा भावजी! पिल्लं मी बघते. तुमच्यापेक्षा बरी बघते. मी काय फाळ नाय ठेवणार!" सहदेव होय म्हणायचा. शेवटी एकदा तिनं स्वतः त्याची पिशवी भरली, एक धोतर, दोन सदरे, रखमासाठी घरच्या तांदळाची कणी. पहिल्या रिक्षानं तो पोलादपूरला उतरला आणि स्टँडवर बाकड्यावर बसला.

मुंबईची गाडी आली. माणसं चढली. कंडक्टरनं दारातून विचारलं, "चढायचंय का आजोबा?"

सहदेव उठला. पिशवी उचलली. त्याच्या मनात एवढंच होतं, की ती म्हणाली होती घर सोडू नका. तो घरी असला, काबरी पिल्लं घेऊन अंगणात असली, तर तिला यायला जागा होती. तो गेला की मग कुणी कुठं यायचं राहत नव्हतं. हे खरं नाही हे त्याला कळत होतं. पण पाय उचलेना.

"नाय," तो म्हणाला.

गाडी गेली. तो बराच वेळ बसून राहिला, मग महाड एमआयडीसीच्या पाळीवरून घरी येणाऱ्या एका पोराच्या मोटरसायकलवर मागं बसून वर आला. भागूबाई खुराडं लावत होती. तिनं त्याच्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. "चहा ठेवते," म्हणाली.

दोन दिवसांनी तुळशीचं लग्न होतं. भागूबाईनं तुळशीला ऊस बांधला होता. दुपारी तिचा मोठा फोन वाजला. त्या दिवशी कसा कोण जाणे, अंगणातच आवाज आला. सहदेव काठी घेऊन आंब्याखाली उभा होता, वर घार फिरत होती. सुनील रडत होता. सहदेवनं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला, आणि फोन भागूबाईच्या हातात दिला. मग त्यानं काठी हवेत फिरवली. घार दूर गेली. काबरीनं पिल्लांना पंखाखाली घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाला घेऊन गाडी वाडीत आली. शेवटच्या चढाला माणसांनी ती ढकलली. सगळं जे करायचं ते झालं. सुनील दहावं-तेरावं करून गेला, जाताना म्हणाला, बाबा, चला आता आमच्याबरोबर. सहदेव म्हणाला, बघू.

संक्रांतीच्या पुढं काबरीनं पिल्लं सोडली. मोठी झालेली पिल्लं जवळ आली की ती त्यांना टोचून हाकलायची. कोंबड्या असंच करतात. अर्धी पिल्लं सहदेवनं भागूबाईला नेऊन दिली. ती नको म्हणाली, पण त्यानं तिच्या खुराड्यात सोडली आणि दार लावून घेतलं. त्या उन्हाळ्यात काबरी पुन्हा खुडूक झाली. सहदेवनं तिला बसवली. पेंढ्यात खिळा ठेवला.

रखमा सहदेव उतेकर भांडुपला मुलाच्या घरी वारली. त्या दिवशी तुळशीचं लग्न होतं, शुक्रवार, चोवीस नोव्हेंबर दोन हजार तेवीस. सहदेव तेव्हा कातळवाडीत होता.